लिफ्टची भीती

"इथे तुमची आणि आजींची सही," नव्या इमारतीच्या विक्री कार्यालयातली मुलगी म्हणाली. "मुदतीच्या आत आलात, म्हणजे फ्लॅटचं बुकिंग रद्द होईल आणि पैसेही सगळे परत मिळतील. कारण सांगायची गरज नसते, काका."

एवढ्यावर त्याने गप्प बसायचं. पण लाज माणसाला गप्प बसू देते होय? मागच्या आठवड्यात याच खुर्चीत बसून त्याने पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. आणि परवा तो नोकरीला होता त्या छापखान्याला कुलूप लागलं. 'काम गेलं' एवढं म्हणायला मात्र त्याची जीभ रेटेना.

"घर आवडलंय हो आम्हाला," तो घाईघाईने म्हणाला. "पण आईला लिफ्टची भीती वाटते. म्हातारं माणूस, काय करणार?"

आई शेजारीच बसून सही करत होती. तिचं पेन क्षणभर थांबलं.

"आजींना?" मुलीला हसू आलं. "अहो, त्या दिवशी आजी हौसेने वर-खाली करत होत्या! बटण मीच दाबणार म्हणून शिपायाशी भांडल्यासुद्धा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुळात लिफ्ट होती म्हणूनच तर हे घर घेतलं होतं, आईच्या गुडघ्यांसाठी. आणि कारण तर कुणी विचारलंही नव्हतं.

आईने सही पुरी केली, पेनाला टोपण लावलं.

"तेव्हा हौस होती गं," ती म्हणाली. "घरी गेले आणि छातीत नुसतं धडधडायला लागलं. माझ्यापायी पोराला एवढं चांगलं घर सोडावं लागतंय, बघ."

"असू दे हो आजी," मुलगी हळुवारपणे म्हणाली आणि दोघांना पोचवायला कार्यालयाच्या दारापर्यंत आली.

कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. समोरच लिफ्ट उघडी उभी होती. आत कुणी नव्हतं. तो सवयीने तिकडे निघाला, पण आई वळली ती जिन्याकडे. तिने कठडा घट्ट धरला आणि एक पाय खाली टाकला. मग दुसरा त्याच पायरीवर आणला.

"आई, अगं गुडघे..."

"हळू बोल," आई मागे न बघता म्हणाली. "ती अजून दारात उभी आहे."