पाहुण्यांची खोली

"आधी तू आत जा," नेटाबाई म्हणाल्या. "तुझंच मैदान आहे."

ह्यूई रेनी जागचा हलेना. किर्कहेवन हार्बर या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष, गावातला खाटीक, दारात मावणार नाही असा धिप्पाड गडी; पण पाहुण्या संघाच्या खोलीत पाऊल टाकायची त्याची छाती होईना. कशी होणार? ती खोली त्यानेच तर घडवली होती. खुंट्या इतक्या उंच की कोट अडकवायला बाकावर चढावं लागे, आणि बाक असा डुगडुगता की चढलेला माणूस बहुधा कोटासकट खाली येई. खिडकी होती ती उत्तर समुद्राकडे, आणि मिटत नव्हती. शॉवरला गरम पाणी यायचं, नाही असं नाही. पण डोक्याला साबण लागला की ते गेलंच. भिंतींचा करडा रंग ह्यूईने स्वतः निवडला होता, बघताक्षणी भूक मरावी असा. पाहुणे मैदानात उतरायच्या आधीच अर्धे हरलेले असत, आणि हार्बरवाल्यांना त्यात काडीचंही गैर वाटत नसे.

वाटायचं ते थिसलवाल्यांना. गावातला दुसरा क्लब तो, आणि नेटाबाई त्याच्या अध्यक्ष. यंदाच्या वादळात त्यांच्या स्टँडचं छप्पर उडालं आणि थेट मेंढ्यांच्या कुरणात जाऊन बसलं. हार्बरकडे छप्पर शाबूत होतं, पण त्याखाली बसायला माणसं उरली नव्हती. दोघांनी मिळून एक मैदान वापरा, नाहीतर दोन्ही क्लब गुंडाळा, असं लीगने कळवलं होतं. उत्तर आजच द्यायचं होतं. गवत कोणी कापायचं ते ठरलं, खुर्च्यांचा रंग हार्बरचा निळाही नको नि थिसलचा लालही नको हेही भांडूनतंडून ठरलं. राहिल्या होत्या कपडे बदलायच्या दोन खोल्या. प्रत्येक क्लबला एक कायमची, आणि पाहुणे येतील ते दुसऱ्याच्या खोलीत. मघाशी नाणं उडवलं. ह्यूई हरला, आणि ही खोली त्याच्या वाट्याला आली.

"बाई," तो म्हणाला, "ही खोली जरा... म्हणजे पुन्हा एकदा नाणं उडवूया का?"

"का बरं? लीगला दर वर्षी तूच सांगायचास ना, दोन्ही खोल्या अगदी सारख्या आहेत म्हणून?"

"सांगायचो."

"मग झालं तर. बस बघू त्या बाकावर."

शाळेत ह्यूईला त्यांनीच शिकवलं होतं. अजूनही बाईंनी बस म्हटलं की तो बसायचा. तो बसला, बाक एका अंगाला कलला, आणि खिडकीतून आलेला वारा नेमका त्याच्या मानेत शिरला. ह्यूईच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. घरचा सामना असेल तेव्हा पाहुणे तिकडे गरम पाण्यात डुंबणार, आणि आपली पोरं इथे दात वाजवत बसणार. तेही आपल्याच हाताने ठोकलेल्या खुंट्यांखाली.

"माणसाला बसवायच्या लायकीची नाही ही खोली," तो शेवटी म्हणाला. "मीच केली अशी. मुद्दाम."

"ठाऊक आहे. खिशात बेडूक नाही म्हणून सांगितलंस ना वर्गात, तेव्हाही असेच कान लाल झाले होते तुझे. फार राग यायचा मला, ह्यूई. आमची पोरं ओल्या डोक्याने घरी जायची. अजूनही येतो राग."

"चुकलं बाई. उद्याच दुरुस्त करतो. खुंट्या, खिडकी, सगळं."

"खबरदार हात लावलास तर."

ह्यूईने मान वर केली.

"शनिवारी बर्नफूटवाले येतायत आमच्याशी खेळायला," बाई म्हणाल्या. "दुरुस्त केलीस तर त्यांना कुठे बसवू मी?"

ह्यूई आधी गालात हसला, मग बाक हलेपर्यंत हसला. बाईंनाही हसू आवरेना. हे आधी कसं सुचलं नाही? तिकडची चांगली खोली दोघांची. ज्याचा सामना त्याने वापरायची. ही अशीच राहू द्यायची, येईल त्याच्यासाठी. बाईंनी हात पुढे केला. दोन क्लबांच्या अध्यक्षांनी हात मिळवल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं.

तेवढ्यात एफी चहा घेऊन आली. मैदानावरचा चहा आणि खेळाडूंचे कपडे धुणं, दोन्ही तिच्याकडेच होतं.

"आणि नववर्षाला?" तिने विचारलं. "तुमचा आपसातला सामना असतो तेव्हा? त्या दिवशी इथे कोण बसणार?"

हात सुटले.

"मैदान आमचं आहे," ह्यूई म्हणाला.

"नाणं मी जिंकले आहे," बाई म्हणाल्या.

"मग राहू द्या तो करार."

"राहू दे. आम्ही कुरणात खेळू. छप्पर तिथेच आहे."

बाईंनी कोटाची बटणं लावायला घेतली. एफीने दोघांकडे पाहिलं, चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली. जरा वेळाने चांगल्या खोलीतून तिची हाक आली. दोघं गेले, पण एकमेकांकडे न बघता.

एफीने अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली होती. एक टोक तिने ह्यूईच्या हातात दिलं, दुसरं बाईंच्या.

"बांधा. बरोबर मधोमध. जानेवारीत कोणाच्याही पोराला मी त्या खोलीत पाठवणार नाही."

ह्यूईने आपलं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. बाईंनी दाराच्या कडीला गाठ मारली, डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे एक वीत जास्त गेलीय. सरकव."

त्याने सरकवली. एफीने दोरीवर अलीकडे निळे सदरे टाकले, पलीकडे लाल.

"साबण एकच आहे," ती म्हणाली. "लागला की मागून घ्या."