जुलैतला उन्हाळा

"टास्मानियातलं आमचं चाळीस वर्षांचं दुकान बंद होतंय, शेवटचे लोकरी कोट स्वस्तात न्या," मोबाइलवरच्या जाहिरातीत एक म्हातारं जोडपं विनवत होतं. फोटो पाहून माझ्या बायकोला त्यांची दया आली. तिनं क्रेडिट कार्ड काढून आकडे टाकायला घेतले. "थांब डोरीन, खालची ओळ वाच." तिनं मोठ्यानं वाचलं, "जुलैच्या कडक उन्हाळ्यात खास सवलत." बाहेर, इथं टास्मानियात, ऐन जुलैत आमच्या अंगणातलं गवत गोठून पांढरं पडलं होतं. "मेले लुच्चे!" ती उसळली. "कार्ड लुबाडायला निघालेत आणि आपल्याकडं थंडी कधी असते तेही ठाऊक नाही!" आम्ही तडक गावातल्या नोलाच्या कपड्यांच्या दुकानात गेलो. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. म्हातारी नोला पुठ्ठ्यावर 'दुकान बंद होत आहे' रंगवत होती. डोरीननं कार्ड गल्ल्यावर ठेवून पुठ्ठा उलटवला. "ह्या बाजूला लिही गं, 'जुलैची कडक थंडी, कोट घ्या!'"