क्लोज-अप

"आपल्या कॅमेऱ्यातून काही सुटत नाही," असं हरीश लंडनच्या एजवेअरभर सांगत फिरायचा. त्याच्या सामोअन सासूबाई नातीला घराण्याचा नाच शिकवायला उठल्या, तेव्हाही तो म्हणाला, "मॉम, रोज कशाला दमताय? एकदाच नाचा, मी शूट करतो. कस्तुरी बघून शिकेल."

सासूबाई गेल्या. अखेरच्या निरोपाला नातीनं तो नाच करावा, एवढीच त्यांची इच्छा होती. बापलेकीनं घाईघाईनं व्हिडिओ लावला.

"बाबा, ग्रॅनीचे हात कुठे आहेत? सगळी स्टोरी हातच सांगतात!"

"अगं, चेहरा बघ ना, काय गोड आलाय!"

शेवटपर्यंत चेहराच होता.

चर्चच्या हॉलमध्ये, न्यूझीलंडहून आलेल्या सासूबाईंच्या बहिणींसमोर, कस्तुरीनं गणपतीत शिकलेल्या कोळीनाचाची होडी वल्हवली.