चौथा पाय

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी भालचंद्रांच्या लक्षात आलं, की टेबलावरच्या लाकडी कुत्र्याला तीनच पाय आहेत. भिंतींवर त्यांची तैलचित्रं होती आणि खाली टेबलावर धाकट्या बहिणीची खेळणी. मुलं जसं चित्र काढून देतील, अगदी तसं खेळणं मालन घडवून द्यायची. ती घरी गेली होती. त्यांनी सागाचा तुकडा तासला, चौथा पाय चिकटवला, वरून रंग दिला. जोड कुठेही दिसत नव्हता.

सकाळी कुत्रा न्यायला आलेल्या मुलीने तो हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला.

"हा आमचा मोत्या नाही," ती म्हणाली. "मोत्याला तीन पाय आहेत."

"मला वाटलं, एक तुटलाय," भालचंद्र म्हणाले.

"आबांच्या वेळीही तुला असंच वाटलं होतं, दादा," मालन म्हणाली आणि तिने करवत पुढे केली.

त्यांनी पाय कापला. मुलीने कापलेली जागा बोटाने चाचपली आणि कुत्रा घेऊन गेली.

समोरच्या भिंतीवर आबांचं चित्र होतं. आबांचा उजवा हात तरुणपणीच साखर कारखान्यात गेला होता. चित्रात दोन्ही हात मांडीवर होते.

दुपारी एक गृहस्थ त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "वडील का तुमचे? हात काय जिवंत उतरलेत."

"डावा त्यांचा आहे," भालचंद्र म्हणाले. "उजवा माझा."