सातवी ओळ

ओळी मोजणारा हा प्रोग्राम माझा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. की-बोर्डवरून येणारा मजकूर तो ओळीओळीने वाचतो आणि चूक कितव्या ओळीत आहे ते सांगतो. इतक्या वर्षांत त्याचा आकडा एकदाही चुकलेला नाही.

ताई माझ्याच ऑफिसात टेस्टिंग करते. माझ्या कामात खोट काढायला तिला भारी आवडतं. आज जेवण झाल्यावर तिने मला बोलावलं.

"सातव्या ओळीत कंस उघडा राहिलाय म्हणतो. अरे, मी सहाच टाइप केल्यात."

"तूच मोजायला चुकली असशील."

तिने पडद्यावर बोट ठेवून मोजून दाखवल्या. सहाच होत्या. मग हट्टाला पेटून तिने सातवी टाइप केली, अगदी जपून, आणि एंटर दाबलं. कंस उघडाच राहिला होता.

"लबाडा, काय घुसवलंयस यात?"

"एक अक्षरही नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती.

ती आठवी ओळ टाइप करत असतानाच खाली नवी सूचना उमटली. या प्रोग्राममधली प्रत्येक सूचना मी लिहिली आहे. ही मी लिहिलेली नव्हती.

"ओळ नऊ अर्धवट. टाइप करणारा हात थांबला."

ताई हसली आणि तिने नववी सुरू केली.

"ताई, थांब."

ओळीच्या मध्येच तिचा हात थांबला. मी पुन्हा हाक मारली. तिची मान वळली नाही.

मी पडद्यावरच्या ओळी मोजल्या. आकडा बरोबर होता.