शिडी धरायला माणूस

आजोबा ब्रश वाटत होते आणि घरात आनंदीआनंद होता.

पन्नास वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाने ब्रश वाटावेत, ही साधी गोष्ट नव्हे. पेंटर लोक एक वेळ पोटचं पोर दुसऱ्याच्या हवाली करतील, ब्रश नाही. ब्रशाला हाताचं वळण लागतं, परका हात लागला की अक्षर रुसतं, हे आजोबांचंच शास्त्र. पण वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात निघाला. गेले सहा महिने त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढले. आज मात्र दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीत बसले होते. समोर दोन जुने चेले, त्यांचेही केस पिकलेले.

"हा तुला. तुझा 'ळ' भोपळ्यासारखा यायचा, याने तरी सुधारेल."

"गुरुजी, आता पाट्या मशीन काढतं."

"मग त्याला भोपळा शिकव."

हशा झाला. मग जुनं निघालं. रॉकेलने धुतलेले हात, ऊन चढायच्या आत उरकायची भिंत, आणि ती उलटी टांगलेली शिंप्याची पाटी. आठवडाभर कुणाच्या लक्षात आली नाही, कारण गिऱ्हाईकच नव्हतं!

चहा आणताना आजी नातीच्या कानात पुटपुटली, "सहा महिन्यांनी हसले गं. औषध लागू पडलं."

एकोणीस वर्षांची नात दारातच उभी होती. आजोबा तिला वकीलबाई म्हणत. घरात तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याची नोंद नव्हती. तिच्या वाट्याला सगळ्यात बारीक, खारीच्या केसांचा ब्रश आला. तिने तो घेतला नाही.

चेले गेले. आजी कपबशा घेऊन आत गेली. नातीने स्टूल ओढलं आणि आजोबांच्या गुडघ्याला गुडघे भिडवून बसली.

"आजोबा, मरायचं ठरवलंय का?"

"काहीतरीच! आवराआवर करतोय म्हातारा माणूस."

"मीपण केली होती. दोन वर्षांपूर्वी. सायकल मामेबहिणीला, कानातली मैत्रिणीला. सगळे म्हणाले, पोरगी आजारातून उठली, शहाणी झाली. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटत होतं ना..."

आजोबा डाव्या हाताने उजवा दाबून धरत होते. तो त्यांनी सोडून दिला. हात मांडीवर थरथरत राहिला.

"त्याच दिवशी तुम्ही आलात. म्हणालात, शिडी धरायला माणूस नाही. औषधाच्या दुकानाची पाटी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही वर आणि मी खाली. सारखं वाटत होतं, हे उतरेपर्यंत मला कुठं जाता येत नाही."

"नऊ अक्षरं होती," आजोबा म्हणाले.

"काय?"

"पाटीवर. दोन तासांचं काम. आणि त्या शिडीला वर भिंतीत अडकवायचे आकडे होते. ती धरावी लागत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सायकल दिलीस तेव्हाच कळलं होतं. पण विचारायचं धाडस झालं नाही गं. मग शिडी काढली."

"मला झालं. म्हणून विचारतेय."

"हो," आजोबा म्हणाले. "ठरवलं होतं."

नातीने फोन काढला. "माझ्या डॉक्टरबाईंना लावते. आज संध्याकाळीच जाऊ. तोवर मी इथून हलत नाही."

"हाताचं काय करणार त्या?"

"हाताचं हातवाल्यांना विचारू. उरलेल्या तुमचं त्या बघतील."

आजोबांना किंचित हसू आलं. फोन लागला, वेळ ठरली. मग तिने आजीला हाक मारली, खुर्चीशेजारी बसवलं आणि आजोबांकडे बघून मान हलवली. सांगायचं त्यांनीच होतं. अडखळत, निम्मं गिळत, त्यांनी सांगितलं.

आजीचे हात अजून ओले होते. ते तसेच पदरात धरून ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटायला लागलं."

"मलाही तसंच वाटलं होतं," आजोबा म्हणाले.