लाइनवरचा माणूस

"आत्ता बोलतोय का तो?" समुपदेशक तृप्तीनं विचारलं.

शकुंतलाबाईंनी होकारार्थी मान हलवली. नऊ वर्षं गोळ्या चालू होत्या, तरी कानातला पुरुषी आवाज त्यांना 'बिनकामाची' म्हणत राहायचा आणि त्याच्याशी भांडण्यातच त्यांचा दिवस जायचा.

"मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात ना तुम्ही? लाइनवर कुणी शिवीगाळ केली, तर काय करायचात?"

शकुंतलाबाई हसल्या. हेडफोन लावून ओळीनं बसलेल्या मैत्रिणी, बोर्डावरच्या वायरींचं जाळं, मधल्या सुट्टीत फिरणारा इंदुमतीचा लोणच्याचा डबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. "भांडायला वेळ कुणाला होता, पोरी? 'थोडं थांबा' म्हणायचं आणि पुढचा कॉल घ्यायचा."

"मग यालाही तसंच म्हणून बघा."

दुसऱ्या दिवशी नातीची वेणी घालताना आवाज सुरू झाला. एरवी त्या कंगवा टाकून खोलीत निघून जायच्या. आज हळूच म्हणाल्या, "थोडं थांबा."

"कुणाला म्हणालीस, आजी?"

"आहे एक. बस सरळ, तुला आमच्या एक्स्चेंजची गंमत सांगते."

आवाज पुटपुटत राहिला. वेणी घालून झाली, तरी आजीची गोष्ट संपेना.